वहिनीचा फवारणीचा धंदा

माझी वहिनी बोलताना समोरच्याच्या पायांकडे बघते. नवीन माणसाला वाटतं, बाई लाजाळू दिसते. लाजाळू कसली! ती त्याच्या तळव्यांना काय चिकटलंय ते बघत असते. टाचेला चिखल, बुटाला गवताची वाळकी पाती, सँडलच्या पट्ट्याला शेवाळ. मग चहा यायच्या आत ती म्हणते, "तुमच्याकडे लॉनला पाणी जास्त होतंय का हो?" आणि समोरचा दचकतो.

मी तिची नणंद. शिवणकाम करते. घराच्या पुढच्या खोलीत माझी दोन मशिनं आहेत, मागच्या खोल्यांत दादा-वहिनीचा संसार. नणंद भावजयीचं कौतुक करायला लागली की लोक आधी तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघतात. बघू देत. मला जे सांगायचंय ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि थोडं माझ्या मशिनीखालूनही गेलंय.

वहिनी सतरा वर्षं बियाणं आणि खतांच्या दुकानात काउंटरवर उभी होती. लांबट, अंधारं दुकान. एका बाजूला दाणेदार खताची पोती, दुसऱ्या बाजूला कुलपाच्या कपाटात कीटकनाशकं आणि तणनाशकं, मध्ये कुंड्या. त्या भागात बंगल्यांच्या वसाहती वाढत गेल्या तशी लॉनवाली गिऱ्हाइकं वाढली. हौसेने हिरवळ लावायची, आणि ती पिवळी पडली की दुकानात यायचं. "काहीतरी जालीम द्या," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाटलीवर लिहिलेलं कुणी वाचायचं नाही. एक झाकण सांगितलं की दोन टाकायचे, वर मूठभर खत, आणि आठवड्याने जळकं लॉन घेऊन भांडायला परत.

वहिनी मात्र वाचायची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की चष्मा लावून बाटल्यांवरची बारीक अक्षरं. दहावीपर्यंत शिकलेली बाई, पण कुठल्या औषधानंतर किती वेळ गवतावर पाय ठेवायचा नाही, हे तिला तोंडपाठ. मालक चेष्टा करायचे, "बाई, ती कादंबरी संपली की मला पण द्या."

एके सकाळी एक निवृत्त हेडमास्तर आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला गवताचा तुकडा. मालकांनी तो लांबूनच पाहिला आणि बुरशीच्या औषधाची मोठी बाटली काढली. वहिनीने तुकडा उचलला. उलटा केला. मुळं नव्हतीच, कुणी कात्रीने कापावीत तशी.

"सर, हे गवत ओढल्यावर सतरंजीसारखं गुंडाळत आलं का?"

"अगदी! तुम्हाला कसं कळलं?"

"आणि सकाळी पक्षी येऊन चोची मारतात?"

"रोज. मला वाटलं, छान वाटतंय त्यांना."

"मेजवानी आहे त्यांची. ही बुरशी नाही सर, हुमणी आहे. मातीखाली पांढऱ्या अळ्या मुळं खातायत. वीतभर खणून बघा."

हेडमास्तर बाटली न घेता गेले. संध्याकाळी एका डब्यात अकरा पांढऱ्या गुबगुबीत अळ्या घेऊन परत आले आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर डबा काउंटरवर ठेवून म्हणाले, "पैकीच्या पैकी!" मालकांनी डब्याकडे पाहून नाक मुरडलं आणि नंतर वहिनीला आत बोलावून सांगितलं, "तुम्हाला विकायला ठेवलंय, तपासायला नाही."

ती परत काउंटरवर जाऊन उभी राहिली. सहा महिन्यांनी मालकांच्या जावयाने दुकान बाथरूमच्या फरशा आणि नळांचं करायचं ठरवलं. मालक वहिनीला म्हणाले, थांबा, नळ विका. ती दोन दिवस थांबली. तिसऱ्या दिवशी घरी आली, माझ्यासमोर स्टुलावर बसली आणि म्हणाली, "नळाला रोग होत नाही गं. मी तिथे काय करू?"

हेडमास्तरांना कळलं तेव्हा ते घरी आले. "आता आम्ही विचारायचं कुणाला? त्यापेक्षा तुम्हीच का येत नाही? बघा, काय घालायचं ते तुमच्याच हाताने घाला. मी तर पहिला नंबर लावतो."

ते गेल्यावर वहिनीने कपबशा गोळा केल्या. मग वळून म्हणाली, "शिंपीणबाई, मी फवारणीचा धंदा काढला तर?" मला ती शिंपीणबाई म्हणते, लाडात असली की.

मी म्हटलं, "काढ की." माझ्या बापाचं काय जात होतं! पण दादाचा चेहरा पडला. दादा कारखान्यात लेथवर काम करायचा. मितभाषी माणूस, रागावला की जास्तच हळू बोलतो. जेवता जेवता तो अगदी हळू म्हणाला, "पाठीवर विष घेऊन हिंडणार तू?"

"अहो, सतरा वर्षं विषाच्या कपाटाला पाठ लावूनच उभी होते."

"ते बंद बाटलीत होतं."

तो तिला कमी लेखत नव्हता, हे आम्हा दोघींना कळत होतं. त्याच्या खात्यातला एक माणूस रसायनाच्या वाफेने कायमचा दमेकरी झाला होता आणि दादा दर महिन्याला त्याला भेटायला जायचा. भीती खरी होती. म्हणून वहिनीनेही ती चेष्टेवारी नेली नाही. ती म्हणाली, "मग असं करू. परवान्याची परीक्षा असते, त्याआधी बारा दिवसांचं शिक्षण. ते सगळं मी शिकून येते. रोज घरी येऊन तुम्हाला सांगते. शेवटी तुम्हाला वाटलं की ह्यात जीव सांभाळता येत नाही, तर मी नळ विकेन."

बारा दिवस रोज संध्याकाळी आमच्याकडे शाळा भरायची. वर्गात तेवीस पुरुष आणि ही एकटी बाई. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या साहेबांनी तिला विचारलं होतं, "चहाचं काय झालं?" ही म्हणाली, "मला पण नाही मिळाला अजून," आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली. घरी आली की दादाला सांगायची: औषध अंगात शिरतं ते सगळ्यात जास्त हातांतून. पातळ करण्याआधीचं औषध ओतताना धोका मोठा, फवारताना त्याहून कमी. वारा अंगावर घेऊन चालायचं नाही. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. दादा ऐकायचा, मध्येच एखादा प्रश्न टाकायचा, आणि तो प्रश्न इतका नेमका असायचा की दुसऱ्या दिवशी ती तोच साहेबांना विचारायची. चौथ्या-पाचव्या दिवशी साहेब म्हणाले म्हणे, "बाई, तुमच्या घरी कोण शास्त्रज्ञ आहे?"

आणि मग ती नापास झाली.

तीन मार्कांनी. गणितात. इतक्या पाण्यात इतकं औषध, इतक्या जागेला किती, ते उलटसुलट करून विचारलं की तिची गाळण उडायची. निकाल घेऊन आली तेव्हा मी एका ब्लाऊजला बाही उलटी लावून बसले होते, इतकी मला काळजी. ती म्हणाली, "गेले." बस्स. आतल्या खोलीत जाऊन तिने भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, आता दादा म्हणेल, बरंच झालं, सुटलीस.

दादा उठला, त्याने पाटी-पेन्सिल नव्हे तर एक बादली आणली. मापाचं भांडं आणलं. खडूने अंगणात दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद चौकोन आखला. "ये बाहेर," म्हणाला. "कागदावर नको. पाण्याने कर."

त्या महिन्यात आमच्या गल्लीने फुकटचा तमाशा पाहिला. वहिनी पाठीवर साध्या पाण्याचा पंप घेऊन चौकोनात चालायची, दादा हातात घड्याळ घेऊन उभा. चौकोन पुरा झाला की टाकीत किती पाणी उरलं ते मोजायचं. म्हणजे एवढ्या जागेला एवढं पाणी जातं, आता त्यात औषध किती, सांग. पाय भरभर पडले की पाणी कमी, रेंगाळलं की जास्त. "सगळं पायांत आहे," दादा म्हणायचा. "मशीन एकाच वेगाने फिरलं तरच माल सारखा निघतो." समोरच्या घरातल्या आजोबांनी विचारलं, "सूनबाई, अंगण उगवणार आहे का?" तिने चालता चालता उत्तर दिलं, "आजोबा, मध्ये बोलू नका, वेग चुकतो."

पुढच्या परीक्षेला गणितात तिला सगळ्यांत जास्त मार्क मिळाले.

परवाना आला त्या दिवशी तिने माझ्या मशिनीवर कापड आणून टाकलं. "शिव." तेव्हा मला कळलं की माझाही ह्या धंद्यात हात आहे. पूर्ण बाह्यांचा, गळ्यापर्यंत बंद डगला. पहिला मी नेहमीप्रमाणे खिशांचा शिवला, बाईमाणसाला खिसे हवेतच म्हणून. ती कामाहून आली तर दोन्ही खिशांत खताचे दाणे. दुसरा बिनखिशांचा. पँटचे पाय बुटांच्या आत नाही, बुटांवरून बाहेर यायला हवेत, नाहीतर सगळं ओघळून बुटात जातं. असे सात डगले शिवले तेव्हा कुठे एक बरा झाला. आता इतर फवारणीवाले माझ्याकडून शिवून घेतात, पण ते सोडा.

पहिलं गिऱ्हाईक अर्थातच हेडमास्तर. हुमणीचा बंदोबस्त तिने छान केला, नवीन गवत धरलं, आणि मग खत टाकायची वेळ आली. त्यासाठी दोन चाकांची ढकलगाडी असते, वर पेटी, खालून दाणे दोन्ही बाजूंना उडतात. वहिनीने ऐटीत गाडी ढकलली, पाणी मारलं, घरी आली.

नवव्या दिवशी ती सहज तिकडून चालली होती आणि कुंपणापाशी थबकली. लॉनवर पट्टे. हिरवा, पिवळा, हिरवा, पिवळा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, झेब्रा आडवा पडावा तसे. गाडीच्या दोन फेऱ्या एकमेकींवर चढायला हव्या होत्या, तिने मध्ये अंतर सोडलं होतं. जिथे दाणे पडले तिथे गवत तरारलं, जिथे नाही तिथे उपाशी.

हेडमास्तर गावाला गेले होते, संध्याकाळी येणार होते. मी तिला म्हटलं, "ते यायच्या आत गुपचूप सारखं करता येईल का?"

"येणार नाही. आणि आलं असतं तरी नको." ती त्यांच्या फाटकाशी जाऊन बसली. ते रिक्षातून उतरले तर ही पुढे. "सर, माझी चूक झालीय. आत जायच्या आधी मीच दाखवते."

हेडमास्तरांनी लॉन बघितलं. कडेकडेने चालून पुन्हा बघितलं. मग त्यांच्या तोंडून निघालं, "रेघा मात्र सरळ आहेत हो."

तिने पिवळ्या पट्ट्यांना वेगळं खत दिलं, आणि तेव्हापासून ती खताचं माप अर्धं अर्धं करते; अर्धं उभ्या फेऱ्यांत, अर्धं आडव्या. वेळ दुप्पट लागतो. पण तिच्या हातून पुन्हा पट्टा उठलेला मी पाहिला नाही. हेडमास्तर ती गोष्ट प्रत्येकाला सांगायचे, आणि गंमत अशी की ती ऐकूनच लोक वहिनीचा नंबर मागायचे. चूक सांगायला फाटकाशी बसणारी बाई त्यांना हवी होती.

दुसऱ्या वर्षी क्लबचं काम आलं. खेळाचं मोठं मैदान, कडेला पोहण्याचा तलाव, मुलांचे झोपाळे. व्यवस्थापक गुळगुळीत दाढी केलेला, सतत घड्याळ बघणारा. रविवारी मोठा समारंभ होता आणि मैदान जागोजाग पिवळं पडलं होतं. "किडे झालेत," त्याने जाहीर केलं. "उद्याच्या उद्या सगळीकडे जोरदार औषध मारा."

मैदानाच्या कडेला क्लबचा म्हातारा माळी खराटा घेऊन उभा होता. त्याला सगळे काका म्हणत. त्याने वहिनीकडे असं पाहिलं की जणू ती त्याच्या ताटातला घास उचलायला आलीय. ती नमस्कार करून म्हणाली, "काका, जरा बादलीभर पाणी मिळेल?" त्याने बादली आणली आणि तिच्यापासून दोन हात लांब, आवाज होईल अशी आदळली.

वहिनीने पाण्यात साबण कालवला आणि ते पिवळ्या भागावर, काठावर, पाच ठिकाणी ओतलं. अळी किंवा किडा असला तर साबणाच्या पाण्याने गुदमरून वर येतो. ती घड्याळ लावून बसली. काही वर आलं नाही. मग तिने खुरपं जमिनीत घालायचा प्रयत्न केला. खुरपं वाकलं.

"साहेब, इथे मारायला काही नाहीच. माती दगडासारखी झालीय. वर मांडव घालता, खुर्च्या टाकता, गाड्या येतात. मुळांना श्वास नाही."

"मी तुम्हाला फवारणीला बोलावलं, व्याख्यानाला नाही."

"किडा नसताना मी औषध मारणार नाही. शिवाय इथे मुलं लोळतात."

"ठीक. मग या तुम्ही."

ती आली घरी. मान ताठ होती. दादाने विचारलं, "मोठं काम होतं ना?" ती म्हणाली, "होतं." त्याने तिच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला. मला तर तिचा इतका अभिमान वाटला की मी तिला न विचारता तिच्या डगल्याला नवीन चेन लावून टाकली. आमच्या दृष्टीने गोष्ट तिथे संपली होती. ती चांगली होती, तो वाईट होता, झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माळीकाका आमच्या दारात. माझ्या खोलीतून वाट असल्याने दार मीच उघडलं. त्याने आत पाय टाकला नाही. वहिनीला बोलवा म्हणाला. ती आली तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "बाई, तुम्ही नाही म्हणालात आणि घरी आलात. ते औषध आता मला मारायला सांगितलंय. मी कसं नाही म्हणू?"

त्याने हात पुढे केले. मी कपड्यांत काम करणारी बाई, मला हातांची ओळख आहे. बोटांच्या पेरांवर भेगा, नखं पिवळी, आणि उजवा हात सारखा थरथरत होता. तीस वर्षं तो उघड्या हाताने औषध कालवत होता. काठी नसली तर हातानेच ढवळायचा.

वहिनीने ते हात उलटे करून पाहिले. नंतर मला म्हणाली होती, "त्या क्षणी माझी ऐट उतरली. माझं नाही म्हणणं त्याच्या अंगावर जाऊन पडलं होतं आणि मी घरी मान ताठ करून बसले होते."

"चला काका," ती म्हणाली. डगला नाही, पंप नाही, फक्त परवान्याची प्रत, एक कोरा कागद आणि पेन. मी म्हटलं, "मी पण येते." मशीन बंद करून तशीच गेले, गळ्यात टेप होती तेही विसरले.

व्यवस्थापक आम्हाला बघून उठलाच नाही. वहिनी उभ्यानेच बोलली. आवाज चढवला नाही. "साहेब, मी काल काय तपासलं ते ह्या कागदावर लिहिते. पाच ठिकाणी साबणाचं पाणी टाकलं, एक किडा निघाला नाही. तरीही तुम्ही, ज्याच्याकडे परवाना नाही, हातमोजा नाही, अशा माणसाला मुलांच्या मैदानावर औषध मारायला सांगताय. खाली तुम्ही फक्त सही करा, की हे तुमच्या सांगण्यावरून. सही झाली की मी जाते."

तिने तिथेच, त्याच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, संथपणे लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील, पण अक्षर टपोरं. कागद त्याच्याकडे सरकवला. त्याने वाचला. पेन उचललं. ठेवलं. पुन्हा घड्याळ बघितलं.

"मग रविवारी मी पाहुण्यांना पिवळं मैदान दाखवू?"

हा खरा माणूस बोलला होता, पहिल्यांदाच. वहिनीने ते ओळखलं. ती खुर्ची ओढून समोर बसली. "सगळं हिरवं होणार नाही. खोटं सांगणार नाही. पण आज, उद्या, परवा असे तीन दिवस आहेत. माती टोचून मोकळी करू, पाणी मुरवू, आणि लोहाची हलकी फवारणी देऊ. ते औषध नाही, खतच आहे. एक-दीड दिवसात गवताला रंग चढतो. मांडवाच्या जागेचे टक्कल पडलेले भाग मात्र तसेच राहतील. तिथे तुम्ही कुंड्या ठेवा."

"आणि नाही जमलं तर?"

"तर पुन्हा मला दारात उभं करू नका."

त्याने कागद घडी करून तिला परत दिला. सही न करता. "लागा कामाला," म्हणाला.

ते तीन दिवस मी विसरणार नाही. दादाने कारखान्यातून रजा टाकली. आयुष्यात त्याने आजारपणाशिवाय रजा टाकलेली नव्हती. त्याने रात्रपाळीच्या मित्राकडून सळ्या आणून एका फळीला जाड खिळ्यांसारख्या बसवल्या, वर पाय द्यायला पट्टी, धरायला दांडा. असे चार टोचे. वहिनी, दादा, माळीकाका आणि मी. पाय द्यायचा, दाबायचं, उपसायचं, वीतभर पुढे सरकायचं. पहिल्या दुपारपर्यंत माझ्या पोटऱ्या इतक्या भरून आल्या की मी दादाला म्हटलं, "ह्यापेक्षा मी मैदानाला अस्तर लावून देते." माळीकाका हसला. पहिल्यांदा हसला. मग तोच सांगायला लागला की पाणी कुठे साचतं, कुठली बाजू उताराची, कुठे पूर्वी विटांचा रस्ता होता आणि त्याच्यावरच माती टाकलीय. वहिनी टोचा ठेवून त्याच्या मागे फिरली, वही काढून लिहून घेत. "काका, हे तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलं तर ना."

तिसऱ्या दिवशी पहाटे, वारा पडलेला असताना, फवारणी. तिने काकांसाठी हातमोजे आणले होते. तो लाजला. "नव्या नवरीसारखं वाटतंय," म्हणाला. घालता घालता त्याचा हात थरथरत होता म्हणून दादाने ते मनगटापर्यंत ओढून दिले. वहिनी चालायला लागली, एका मापाने, खांदे सरळ, फवाऱ्याची कांडी गुडघ्याच्या उंचीवर, ना वर ना खाली. अख्खं मैदान. एकदाही वेग बदलला नाही. मी आणि दादा कडेच्या फरसबंदीवर पाणी मारत होतो, नाहीतर लोहाचे तांबडे डाग पडतात. दादा तिच्याकडे बघत थांबला आणि त्याचं पाणी एकाच जागी वाहत राहिलं. मी म्हटलं, "अरे, फरशी वाहून जाईल." तो म्हणाला, "बघ ना कशी चालते."

रविवारी मैदान हिरवं होतं. सगळं नव्हे; तिने सांगितलं होतं तिथे टक्कल होतं आणि तिथे कुंड्या होत्या. कुणाला काही कळलं नाही. व्यवस्थापकाने आभार मानले नाहीत. पण मंगळवारी त्याचा निरोप आला की वर्षभराचं मैदान तुम्हीच बघा. वहिनीने दोन अटी घातल्या. तपासल्याशिवाय औषध नाही, आणि काकांनी परवाना काढेपर्यंत त्यांनी बाटलीला हात लावायचा नाही. काकांना लिहिता येत होतं ते सहीपुरतं. दोन वर्षं गेली त्यात. वहिनी वाचून दाखवायची, तो ऐकून पाठ करायचा. मग हळूहळू स्वतः वाचायला लागला. बासष्टाव्या वर्षी परीक्षेला बसला आणि पहिल्या फटक्यात पास झाला. आता कुणी नवीन भेटलं की तो वहिनीसमोर मुद्दाम सांगतो, "मी एकाच खेपेला. बाईंना दोनदा बसावं लागलं." आणि ती ज्या अभिमानाने हसते, तसं स्वतःच्या परवान्याच्या दिवशीही हसली नव्हती.

क्लबच्या त्या कामाला आठ वर्षं झाली. आता तिच्याकडे सहा माणसं आहेत, त्यांतल्या दोघी बायका. सगळे परवानाधारक, सगळ्यांचे डगले माझ्या हातचे. अंगणाच्या टोकाला वेगळी खोली बांधलीय, दोन कुलपं असलेली. औषधं तिथेच, कपडे तिथेच धुवायचे, अंघोळ करूनच घरात यायचं. रिकाम्या बाटल्या तीनदा विसळून, भोक पाडून ठेवायच्या, म्हणजे कुणी त्यात तेल भरणार नाही. भाची, म्हणजे दादाची मुलगी, मातीचं शास्त्र शिकायला बाहेर आहे. फोनवर मायलेकींचं बोलणं ऐकलं तर वाटतं कुणाच्या तरी आजारपणाची चौकशी चाललीय. असतं ते कुठल्यातरी गवताबद्दल.

दादा निवृत्त झाला तेव्हा कारखान्यात त्याला विचारलं, आता काय करणार? तो नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाला म्हणे, "बायकोच्या हाताखाली लागतोय. बघू ठेवून घेते का." त्याचं काम गाडी चालवणं आणि पंपांची देखभाल. दर सोमवारी तो प्रत्येक पंपाचं पाणी मोजतो. एखाद्या नोझलचं भोक झिजून मोठं झालं असेल तर फेकतो. लोक अजूनही पुरुष म्हणून आधी त्याच्याशीच बोलायला जातात. परवा एका बंगल्यात मालक त्याला म्हणाले, "साहेब, किती दिवस लागतील?" दादाने बोट वहिनीकडे केलं. "त्यांना विचारा. मी ड्रायव्हर."

वहिनी त्रेपन्नची आहे. उजवा गुडघा दुखतो, जिना चढताना कठड्याला धरते. पाठीवरचा पंप आता तिने इतरांवर सोपवलाय, तपासायला मात्र स्वतः जाते. गेल्या आठवड्यात मोठ्या हॉस्पिटलमधून फोन आला. मागच्या बाजूला हिरवळ आहे, रुग्ण संध्याकाळी तिथे बसतात, गवत पार गेलंय, आणि तीन जणांनी तीन वेगवेगळी औषधं सुचवलीत. मी तेव्हा तिच्या नव्या डगल्याची उंची घेत होते. फोन कानाला, टेप पाठीवर. ती म्हणाली, "रुग्ण जिथे बसतात तिथे मी आधी दोन दिवस नुसती बसेन. चालेल का तुम्हाला? मग सांगते."

पलीकडून कुणीतरी हसून 'चालेल' म्हणालं बहुतेक. तिने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "आटप गं शिंपीणबाई, मला जायचंय."